हुक्क्याच्या सदरातली नळी

सातारा, ११ नोव्हेंबर १९४७

सौ. अंजना हिस नाथाजीचा आशीर्वाद.

सोबतच्या पुडक्यात मधाच्या रंगाचा एक वाकडा तुकडा निघेल. त्याची खरी किंमत आधी सांगतो. लिलावाच्या कागदावर त्याला नऊ पै पडली. पण त्यासाठी खडकीच्या लष्करी डेपोत तीन दिवस उभा राहिलो, त्यात नव्या वहाणा गेल्या. एका सुभेदाराला दोन वेळा जेवू घातलं. परतीच्या गाडीत पोत्यावर बसून आलो, तेव्हा धरलेली कंबर अजून सुटत नाही. तुझी आई मिठाच्या पुरचुंडीनं शेकते, आणि शेकता शेकता जे बोलते तेही याच किमतीत धरायचं. एवढं झालं तेव्हा हा तुकडा घरात आला. इंग्रजीत त्याला एल्बो म्हणतात, आमच्या दुकानात कोपर. दोन नळ्या काटकोनात जोडायला लागतं.

कशाचं आहे ते ओळख. काच नव्हे, पडलं तर फुटत नाही. शिंग नव्हे, घासलं तर वास येत नाही. सुभेदार म्हणाला, "प्लॅस्टिक. अमेरिकेचं. लढाई संपली, हे उरलं." मी नळ घेताना नख मारून ऐकतो हे तुला ठाऊक आहे. बिडाचा आवाज वेगळा, पितळेचा वेगळा, चीर गेलेल्याचा त्याहून वेगळा. याला नख मारलं तर हे बोलेचना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माल माझ्याशी मुका राहिला.

त्याच्या जोडीला नळी आहे. अंगठ्याएवढी जाड, मऊ आणि आरपार दिसणारी. काल दुपारी दुकानात कुणी नव्हतं. एक वेटोळं दारातल्या उन्हात धरलं, तर आत ऊनच भरलेलं. लहानपणी तू पपईच्या पानाचा देठ कानाला लावून म्हणायचीस, "आबा, यात कुणीतरी राहतंय." का कोण जाणे, मी नळीचं टोक कानाला लावलं. आत फार लांबून पाणी येत असावं तसा आवाज. माहुलीच्या संगमावरून निघालेलं, कऱ्हाडाला वळलेलं, तुमच्या घाटाकडे सावकाश उतरणारं. किती वेळ बसलो सांगता येत नाही. एक गिऱ्हाईक समोर येऊन उभं होतं. ते म्हणालं, "शेट, फोन कुणाचा?"

आता कामाचं. सांगलीच्या पेठेत एका गिऱ्हाइकाकडे यातला गाडीभर माल पाठवतो आहे. कोंडीबा सोमवारी गाडी जुंपेल. वाटेत संस्थानचा नदीकाठचा नाका लागतो. तिथे तुझ्या घरचे कारकून आहेत, आणि नाक्यामागच्या खोलीतच तुमचं बिऱ्हाड आहे, असं ऐकतो. जकातीच्या तक्त्यात असल्या मालाला कोणतं सदर लागतं, एवढं विचारून कळव. मेहेरबानी नको. मी कुणा नाकेदाराची मेहेरबानी घेत नाही. चाळीस वर्षांत मी माल कधी अवेळी हलवला नाही, आणि कुठल्या नाक्यावर एक पै जादा मोजली नाही. बाजाराच्या आधी बाजार मला ऐकू येतो. गूळ उतरणार हे मला अडत्यांच्या खोकण्यावरून कळतं. हे गर्वानं लिहीत नाही, आहे ते लिहितो.

शाळेच्या पटांगणात दोन हार घालून तुम्ही लग्न केलंत त्याला या माघात चार वर्षं होतील. तेव्हा चारचौघांत मी त्यांना विचारलं होतं, "जकातवाल्या, तुला मी कोणत्या सदरात घालू?" आणि ते म्हणाले होते, "किरकोळात घाला, आबा." लोक हसले. मी न जेवता निघून आलो. असो. त्या गोष्टी आता उकरायच्या नाहीत.

तुझी आई खुशाल आहे. हे पत्र लिहिताना मागून म्हणाली, "नळ्यांच्या निमित्तानं का हुईना, दौतीत पानी घातलं म्हनायचं."

नाथाजी
(नळ, पंप व मोटेचे सामान)


सातारा, ३ डिसेंबर १९४७

सौ. अंजना हिस आशीर्वाद.

उत्तर आलं नाही. गाडी मात्र आली, रिकामी. माल तुमच्या नाक्याच्या आवारात अडकलाय हे कोंडीबानं सांगितलं. त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहितो. काही चुकत असेल तर कळव.

म्हणाला, "आबा, नाक्यावर पयल्यांदा बाळासो दादांनीच माल बगितला. नळी हातात घिऊन त्यांनी इचारलं, ह्यातनं काय जातं? म्या म्हनलं, पानी. मग त्यांनी तक्ता काढला. तक्त्यात 'नळ' हाय, पर त्यो लोखंडाचा. 'नळी' बी हाय, पर ती हुक्क्याची. चैनीच्या सदरात, सगळ्यात चढा दर. दादा लय येळ वाचत बसले. मग म्हनाले, पानी देतंय त्ये शेतीचं अवजार. आनि लिवलं, माफ."

"मग माल का अडला?"

"त्येवढ्यात अंमलदार आले की. त्यांनी माल धाडणाराचं नाव वाचलं, आनि इचारलं, नाथाजी म्हंजी तुमचा सासराच न्हवं का? दादा म्हनले, व्हय. आवं, खोटं बोलाया येतच न्हाई त्या मानसाला."

एवढं सांगून कोंडीबा खाली बघत पागोट्याचं टोक पिळायला लागला. मी त्याचं न बोलणंही ऐकतो. म्हटलं, "पुढचं सांग."

"पोरगी आली ना मधीच. दादांची. तिच्या दोन्ही हातांत त्या नळी जोडायच्या पिवळ्या कड्या. अंमलदार म्हनले, ही तर बांगडी. चैनीचा माल, त्यात नजराना बी पोचला. दादांना म्हनले, चवकशी हुईस्तवर घरी बसा."

मुलगी चार बोटं दाखवून आपलं वय तीन सांगते, असंही तो म्हणाला. नाव विचारलं तर म्हणाला, "मनुबाई. लय गोड हाय."

माझ्या आईचं नाव मनुबाई होतं. तुझ्या जन्माआधीच ती गेली. तिच्याबद्दल तुला कुणी एवढं सांगितलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

मालाचं काय करायचं ते कळव. घाई नाही.

नाथाजी


सातारा, १९ डिसेंबर १९४७

चि. सौ. अंजना हिस,

तुझं कार्ड पोचलं. चार ओळी आहेत, चारही पाठ झाल्या. "आबा, तुम्ही मांडलेल्या प्रश्नाचं उत्तर आता अंमलदार शोधत आहेत. पगार बंद आहे. चौकशीत ठपका आला तर नोकरी जाईल आणि खोली सोडावी लागेल. तुमच्या गिऱ्हाइकाला म्हणावं, माल येऊन घेऊन जा, आणि आम्हाला विसरा."

गिऱ्हाईक येणार नाही. सांगलीच्या पेठेत माझं गिऱ्हाईक नाही. कधीच नव्हतं.

आता लिहायलाच बसलोय तर सगळं लिहितो. तुमच्या नाक्यावर माझी एक गाडी थांबावी, तुझ्या नवऱ्यानं माझं नाव आपल्या हातानं वहीत लिहावं, आणि संध्याकाळी घरी येऊन तुला सांगावं, "आज तुझ्या वडलांचा माल आला होता," एवढ्याचसाठी ती गाडी जुंपली. उगाच का आलास असं म्हणता येऊ नये म्हणून सोबत खरा माल हवा. मग खडकी, सुभेदार, सगळं त्यातून आलं. नुसतं पत्र घातलं असतं तर दीड आण्यात काम झालं असतं. पण ते पत्र मला लिहिता येत नव्हतं.

आणि त्या कड्या. तुला वाटत असेल कोंडीबानंच दिल्या. तसं नाही. निघताना मीच त्याच्या कानात सांगितलं, लेकरू दिसलं तर दोन कड्या हातात घाल, माझं नाव घेऊ नको. लेकरू आहे एवढं मला ठाऊक होतं. तुझी आई दर महिन्याला कुणाकडून तरी कागद वाचून घेते, भिंतीपलीकडचं मला ऐकू येतं. नाव तेवढं ती हळू घ्यायची.

तेव्हा ठपका कुणावर यायचा असेल तर तो माझ्यावर यायला हवा. चौकशीची तारीख लागली की कळव. मी येतो. तुझ्या घरी येत नाही, नाक्यावर येतो.

आबा


सातारा, २२ फेब्रुवारी १९४८

चि. सौ. अंजना हिस आशीर्वाद.

तारीख जानेवारीतून फेब्रुवारीत का गेली ते तुला सांगायला नको. तीस जानेवारीनंतर इकडे काय काय जळलं ते मी कागदावर लिहीत नाही. तुमच्याकडेही वेगळं नसेल.

परवा, वीस तारखेला, मी नाक्यावर होतो तेव्हा तू मागच्या दारात मुलीला कडेवर घेऊन उभी होतीस. मी एकदाच बघितलं. बाकी वेळ नळीकडे बघत होतो असं तुला वाटलं असेल. तुझ्यापर्यंत सगळं बोलणं पोचत नव्हतं, म्हणून काय झालं ते सांगतो.

अंमलदार वाईट माणूस नाही. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, बोलणं स्वच्छ. मला बसायला पाट दिला आणि म्हणाले, "नाथाजीराव, सासऱ्याचा माल, जावयाचा शेरा, नातीच्या हातात कड्या. माझ्या जागी तुम्ही असता तर काय लिहिलं असतं?"

मी म्हटलं, "मी आधी माल चालवून बघितला असता."

ते म्हणाले, "चालवा."

आवारात तो दगडी हौद आहे ना, बैलांना पाणी पाजायचा. त्यात नळीचं एक टोक सोडलं. काठावर कोपर बसवलं, तिथून दुसरी नळी जोडून खाली तुझ्या दारापर्यंत नेली. तू घागर ठेवून आत गेलीस, पुन्हा आलीस. बाळासोंना म्हटलं, "तुम्ही ओढा." त्यांनी टोक तोंडात धरलं आणि ओढलं.

अंमलदार लगेच म्हणाले, "बघा, ओढावीच लागते की. हुक्का म्हटलं ते काय खोटं?"

शिपाई हसले. मीही हसलो, काय करणार. तक्ता लिहिणाऱ्यानं कुठल्या नळीचा विचार केला होता ते या एका शब्दात होतं. जे ओढतात ते चैनीचं.

पण तेवढ्यात पाणी चढलं. अंजना, मी आयुष्यभर नळ विकले, पण नळातलं पाणी कधी बघितलं नव्हतं. नळ म्हणजे एका टोकाला पाणी जातं, दुसऱ्या टोकाला येतं, मधलं सगळं विश्वासावर. इथं ते दिसत होतं. हौदाच्या भिंतीवर हळूच चढलं, कोपरात क्षणभर थबकलं, दुपारचं ऊन अंगात घेऊन वळलं, आणि उतरायला लागलं. बुडबुडे मण्यांसारखे एकामागून एक. मग हौदातला बोटाच्या पेराएवढा मासा नळीत शिरला. तो भिंत चढला, वळला, हवेतून आल्यासारखा सगळ्या आवारावरून सरकत गेला, आणि तुझ्या घागरीत उतरला. बाळासो तोंडातलं पाणी गिळायचं विसरून बघत होते. मला वाटलं आपण सगळेच त्या नळीच्या आत आहोत, आणि कुणीतरी बाहेरून उन्हात धरून बघतंय.

मनुबाई तेव्हा एकदाच ओरडली, "मासा आला." तेवढं मला ऐकू आलं.

अंमलदारांनी चष्मा पुसला. म्हणाले, "माल शेतीचा आहे हे पटलं. पण आता माफ लिहिलं तर सासऱ्याचा फायदा होतो. वर विचारतील, तुम्ही काय सांगाल? या माणसावरचा संशय जायचा नाही."

खरं होतं ते. ऐकता ऐकताच मला वाट दिसली होती. मी एवढंच म्हणायचं, हा माझा कुणी नाही. चार वर्षांत पाऊल ठेवलं नाही, लग्न मान्य नाही, सगळं गाव साक्षीला आहे. नातं नाही तर फायदा कुणाचा? माल माफ, नोकरी शाबूत. धंद्याच्या हिशेबानं याहून चोख काही नव्हतं. आणि त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

कारकुनानं कागदावरचा रकाना वाचला. "माल धाडणाऱ्याशी नातं?"

बाळासो माझ्याकडे बघत नव्हते. हाताची बोटं पाठीमागे एकमेकांत धरून उभे होते. मला वाटतं त्यांनाही ती वाट दिसली होती.

मी म्हटलं, "लिहा, जावई. आणि माल लिहा, चैनीचा. सगळ्यात चढा दर लावा, मी आत्ता भरतो. मग फायदा कुणाचा झाला असं कोण म्हणेल?"

अंमलदारांनी वही बाळासोंपुढे सरकवली. "सुटलात. घ्या, तुमच्याच हातानं दुरुस्ती करा."

तर हे म्हणतात, "ते मी लिहिणार नाही, साहेब."

"अहो, तुमच्याच सुटकेसाठी चाललंय हे."

"नळीतून पाणी जातं. आपण सगळ्यांनी बघितलं. हुक्का मी कसा लिहू?"

मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, "जावईबापू, माणसानं थोडं वाकावं. कोपर बघा, वाकतं म्हणूनच पाणी पुढं जातं."

ते म्हणाले, "आबा, तुम्ही पैसे भरताय ते तुमचं वाकणं. चुकीचं लिहायचं ते माझं. ते नको."

चाळीस वर्षं मी नाकेदार बघतोय. पान घेऊन वाकणारे, चहावर वाकणारे, नुसत्या रामरामावर वाकणारे. मी त्यांच्यावरच वाढलो. न वाकणारा एक माझ्या घरात आला होता, आणि मी त्याला पटांगणात उभा करून सदर विचारत होतो.

शेवटी अंमलदारांनी स्वतःच लिहिलं. नळी, हुक्का. कड्या, बांगड्या. कोपराला शब्दच सापडेना तेव्हा "शोभेची वस्तू" लिहिलं. बाळासोंना लेखी ताकीद दिली आणि सोमवारपासून कामावर घेतलं. मी पावती घेतली. त्या पैशात दुसरी गाडी भरून आली असती, पण तो हिशेब इथे मांडत नाही.

तू आत या म्हणाली नाहीस, आणि म्हणायला मी वेळही दिला नाही. माल तिथेच ठेवून आलो. हौदापासून दारापर्यंतची नळी राहू दे. उन्हाळ्यात घागरी वाहायला नकोत.

आबा


सातारा, १४ मार्च १९४८

चि. अंजना व चि. बाळासो यांस अनेक आशीर्वाद.

तुमचं दोघांच्या सहीचं पत्र कालच्या टपालानं आलं. तुझ्या आईनं ते आधी मला वाचायला लावलं, मग स्वतःच्या पदरात बांधलं. पुन्हा वाचायचं तर आता मला तिची परवानगी लागते. खाली मनुबाईनं काढलेला मासा आहे, त्याला पाय कसे काय ते तिनं आल्यावर सांगावं.

बाळासोंना नवा हुकूम येईपर्यंत कामावर बसायचं नाही, तर इकडे या. पाडव्याच्या आत या. सामान कोंडीबाच्या गाडीत घाला. तो म्हणतो, "आता वाटंत कुनी थांबवायचं न्हाई, मंग झोपून बी यीन." तुझ्या आईनं माळ्यावरचा पाळणा काढायला लावला. मी म्हटलं, पोरगी तीन वर्षांची आहे. म्हणाली, "तुमच्या लेकीनं पत्रात काय लिवलंय ते नीट वाचलं न्हाई तुमी." मग मी नीट वाचलं. अंजना, जपून ये.

बाळासो, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. पावती घेऊन मी इथल्या मामलेदार कचेरीत गेलो होतो. संस्थान मुंबई इलाख्यात गेलं, तर त्या जकातीचं काही परत मिळतं का एवढंच विचारायला. तिथला कारकून हसला नाही, पण पावती दोनदा वाचली. म्हणाला, "हे सगळं जाणार असं दिवाळीपासून बोललं जात होतं. पेपरात येत होतं, टांगेवालेसुद्धा सांगत होते. तुम्ही थोडं थांबला का नाहीत?"

जकात मी वीस फेब्रुवारीला भरली. नाका आठ मार्चला उठला.

आबा